मंगळवारचं दार

११ जून, सोमवार

पंखे आले! पाचशे. आणि छापून काय आलेत, देवा!

चर्चमध्ये वारा घ्यायचे पुठ्ठ्याचे हातपंखे. कल्पना माझीच होती. पत्रकं कोणी वाचत नाही, पण अलाबामाच्या उन्हाळ्यात, प्रवचन लांबलं की पंखा हातात नसलेला माणूस दाखवा. म्हणून म्हटलं, पंख्यावर लिहू — ‘एचआयव्हीची तपासणी करून घ्या. माहीत असलेलं बरं.’ लिहिलंय, छान ठळक लिहिलंय. पण छपाईला पैसे दिले मिस्टर स्टॉलवर्थनी, आणि त्यांचा धंदा अंत्यविधीचा. मग दुसऱ्या बाजूला काय असणार? ‘स्टॉलवर्थ आणि पुत्र. तुमच्या शेवटच्या प्रवासात तुमच्यासोबत.’

एका बाजूला तपासणी करा, उलटवलं की शवपेटी!

मी डॉ. विंगार्डना दाखवलं. आमच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष. मॉन्टगोमेरीहून महिन्यातून एकदा येतात, उंटावरून शेळ्या हाकतात आणि जेवायच्या वेळेला परत जातात. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “व्हर्लीन, स्थानिक व्यावसायिकांचा सहभाग मिळाला, हे महत्त्वाचं.” स्टॉलवर्थ खूश. टेबलाभोवती सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार!

१२ जून, मंगळवार

सकाळी माझा पिकअप ट्रक बंद पडला. गिअरच पडेना. आणि पंख्यांची खोकी आजच दवाखान्याच्या कोठीत पोचवायची होती.

ओझेलाकडे गेले. थोरली बहीण दोन घरं सोडून राहते ती कशासाठी? तिची ती लालभडक ब्यूक, मागच्या काचेवर चर्चचा स्टिकर, डाव्या दाराला पोचा. गावातलं शेंबडं पोरही सांगेल गाडी कोणाची.

“मंगळवारी नको, व्ही. उद्या ने.”

“अगं, तासाभरात आणते!”

“मला गावात काम होतं जरा.”

“तुझी कामं काय पळून चाललीत? माझी नोकरी आहे ही!”

तिने पर्स उघडली. मग किल्ल्या दिल्या. माझा हट्ट तिने लहानपणापासून पुरवलाय. मला त्याची सवयच लागलीये.

कोठी दवाखान्याच्या बाजूच्या दारापाशी. मंगळवारचं दार. गाडी तिथेच लावावी लागली, आणि मॉन्टगोमेरीच्या नर्सबाई सही करायला येईपर्यंत चांगला तासभर तिथेच उभी राहिली. त्यांचं नाव डेल्फिन. फक्त मंगळवारी येतात, फक्त त्याच दाराच्या आत बसतात. दवाखान्यातल्या आम्हा गावच्या कर्मचाऱ्यांनी मंगळवारी त्या बाजूला फिरकायचंही नाही असा नियम आहे. आत बसलेल्याला ओळखीचं तोंड दिसू नये म्हणून. म्हणून मी खोकी ठेवून, भिंतीकडे तोंड करून, घोड्यासारखी उभी होते.

परत आले तर ओझेला पोर्चवर बसलेली. चांगला ड्रेस, मांडीवर पर्स.

“कुठे निघाली होतीस?”

“शुगरच्या डॉक्टरकडे. आता राहिलं. पुढच्या खेपेला जाईन.”

वाईट वाटलं. संध्याकाळी तिच्या आवडीचे तळलेले कॅटफिश नेऊन दिले. खाल्ले तिने.

१३ जून, बुधवार

काल नियमाबद्दल लिहिलं आणि डोकं पुन्हा तापलं.

तीन वर्षं भांडून हा दवाखाना आणला आम्ही. त्याआधी ज्यांना ‘ते’ झालंय त्यांना औषधासाठी मॉन्टगोमेरी गाठावं लागायचं. गाडी नसेल तर? मग नाही गाठायचं, आणि मरायचं. ईस्टरच्या आधी इथे सुरू झालं तेव्हा मी गाडीत बसून एकटीच ओरडले होते आनंदाने.

पण समितीने केलं काय — वेगळा वार, वेगळं दार. “रुग्णांची गोपनीयता!” मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, इथे माणूस तोंडावरून नाही, गाडीवरून ओळखतात. कोणाच्या अंगणात कोणाची गाडी किती वेळ होती हे दुकानात मीठ घ्यायला गेलं तरी कळतं. मंगळवारी बाजूच्या दाराशी गाडी लावणं म्हणजे कपाळावर पाटी लावणं! रोज सगळं, पुढच्या दाराने — रक्तदाबवाला, खोकलावाला आणि हा, सगळे एकाच रांगेत. मग कोण कोणासाठी आलंय हे सांगेल कोण?

डॉ. विंगार्ड म्हणाले, “मुद्दा चांगला आहे. नोंद घेऊ.”

घेतली असेल.

२४ जून, रविवार

रेव्हरंड पेटवेंनी पंखे कपाटात टाकले. “शवपेटीची बाजू चालेल, सिस्टर,” म्हणाले, “दुसरी बाजू देवाच्या घरात बरी दिसत नाही.”

७ जुलै, शनिवार

आमच्या चर्चचे डीकन मोझ्ली गेले, आज दफन झालं. नव्वदी पार केली होती, त्यामुळे रडणं कमी आणि जेवण भरपूर. दफनानंतरचं जेवण चर्चच्या तळघरात. नेहमीप्रमाणे प्रत्येक घरून एक पदार्थ, ट्रेच्या कडेला चिकटपट्टी, तिच्यावर बाईचं नाव. नाव वाचल्याशिवाय आमच्याकडे कोणी चमचा घालत नाही. बटाट्याचं सॅलड कोणी केलंय हे विचारल्याशिवाय तर मुळीच नाही! कोणाच्या घरात मांजर ओट्यावर चढतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

ओझेलाचं पीच कॉब्लर, ओव्हनमधलं पीचचं गोड. वरचा पापुद्रा सोनेरी, कडेने पाक उतू आलेला. चाळीस वर्षं त्या ट्रेचा तळ दिसायला दहा मिनिटं लागत नाहीत. लहानपणी आई सांगायची, आधी ओझेलाचं वाढून घे, मग चिकन बघ.

आज तो ट्रे भरलेला राहिला.

मला आधी कळलंच नाही. वाटलं उशिरा ठेवला असेल. मग बघितलं — माणसं रांगेत येतात, फॉइल उचलतात, पट्टी वाचतात, फॉइल परत नीट झाकतात. इतकं नीट, की हात लागला होता हे कळू नये. एक कोपरा तेवढा कापलेला होता. तो ओझेलाने स्वतःच घेतला होता.

ती ट्रे तसाच घेऊन घरी गेली. “सगळ्यांची पोटं भरली होती,” म्हणाली.

९ जुलै, सोमवार

कळलं. किराणा दुकानात आमच्या चर्चच्या सिस्टर बर्निसने मला गाठलं. माझा हात दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून —

“तुझ्या बहिणीसाठी रोज गुडघे टेकते हो मी.”

“का? काय झालं तिला?”

“आता माझ्याकडून कशाला वदवून घेतेस! तुझंच ऑफिस आहे ते. ब्यूक दिसते ना मंगळवारी. बाजूच्या दाराशी.”

मला एकदम उमगलं आणि हसूच आलं. “अगं बाई, ती मी नेली होती! एक दिवस!”

“एक दिवस?” बर्निसने डोळे उघडले. “ईस्टरपासून दिसतेय, सोन्या.”

ईस्टरपासून! बघा, एका तासाचा राईचा दाणा, आणि यांनी त्याचा ईस्टरपासूनचा पर्वत केला. बुधवारच्या प्रार्थनेत हिने उभं राहून सांगितलंय म्हणे — “सिस्टर ओझेलाला सांभाळ, देवा, ती कशातून जातेय ते तुला ठाऊक आहे.” देवाला ठाऊक, आणि आता मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना.

ओझेला! बासष्ट वर्षांची, विधवा, दर रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारात उभी राहणारी, नवरा क्लीव्हन गेल्यापासून ज्या बाईने दुसऱ्या पुरुषाकडे मान वर करून बघितलं नाही — तिच्याबद्दल हे! माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. अजून होतोय.

११ जुलै, बुधवार

ऑफिसात मॉन्टगोमेरीला फोन लावला. नर्स डेल्फिनना म्हटलं, तुम्ही एवढंच सांगा की ओझेला तुमची पेशंट नाही. मी चर्चमध्ये सांगते, विषय संपला.

“मी कोणाबद्दलही ‘हो’ सांगू शकत नाही, मिस व्हर्लीन. आणि ‘नाही’ही सांगू शकत नाही.”

“पण ती नाहीच आहे!”

“तुमच्याबद्दल कोणी विचारलं तरी मी हेच म्हणेन. गव्हर्नरबद्दल विचारलं तरी हेच.”

मला कारण माहीत आहे. एकाला ‘नाही’ म्हटलं, की ज्याच्याबद्दल गप्प बसू तो ‘हो’ ठरतो. नवीन माणसांना हे मीच तर शिकवते! फळ्यावर लिहून शिकवते. आज स्वतःवर आलं तर नियम दगडासारखा वाटला.

संध्याकाळी ओझेलाकडे. म्हटलं, नर्स नाही तर मी बोलते. ट्रक बंद होता, गाडी मी नेली, एवढं तर माझं मी सांगू शकते.

ती भेंडी चिरत होती. “काही बोलू नकोस.”

“लोक तुझ्या हातचं खात नाहीयेत, ओझेला! तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं. म्हणून तर म्हणतेय, बोलू नकोस.”

हे काय उत्तर झालं? आमच्या घरात आईनंतर हीच. पोटातलं ओठावर म्हणून येणार नाही.

१७ जुलै, मंगळवार

समितीची बैठक. मी तयारी करून गेले होते. म्हटलं, वेगळं दार बंद करा. गावात एका निर्दोष बाईचं नाव खराब झालंय. (नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, सगळे टेबलाकडे बघायला लागले.) उद्या गाडीच्या भीतीने माणसं औषधाला यायची बंद होतील. औषध नीट घेतलं तर विषाणू तपासणीतही सापडत नाही, दुसऱ्याला लागत नाही. अख्खा आजार आटोक्यात येण्यासारखा आहे, आणि आपण अडकलोय कशात? गाडी कुठे लावायची यात!

डॉ. विंगार्ड म्हणाले, “म्हणजे प्रश्न दृश्यतेचा आहे.”

“म्हणजे?”

“गाड्या दिसतात, हा प्रश्न आहे. आडोसा केला तर?”

आणि मिस्टर स्टॉलवर्थ उठले. देवा! म्हणाले, “माझ्याकडे तंबू आहे.”

त्यांचा हिरवा तंबू! जो कबरीवर लावतात तो! चारी बाजूंनी झालर, झालरीवर सोनेरी अक्षरांत ‘स्टॉलवर्थ आणि पुत्र’. तो मंगळवारच्या दारासमोर उभा करायचा, म्हणजे गाड्या झाकल्या जातील.

मी म्हटलं, “कबरीचा तंबू? औषध घ्यायला येणाऱ्यांच्या डोक्यावर?”

“पैसे घेणार नाही मी,” ते म्हणाले. खरंच भला माणूस आहे, हीच तर पंचाईत.

मतदान झालं. तंबू मंजूर. माझा प्रस्ताव पुढच्या बैठकीत, म्हणजे सप्टेंबरात; ऑगस्टात समितीला सुट्टी.

२९ जुलै, रविवार

चर्च सुटल्यावर कॉर्लिस मागे थांबला. गायकवृंदात खालचा सूर तो लावतो. कॅटफिशच्या कारखान्यात कामाला, चोवीस-पंचवीसचा असेल. पुस्तकं आवरायला मदत करतोय असं दाखवत होता.

“मिस व्हर्लीन, ती एक गोळी असते ना. झालेलं नसताना घ्यायची. होऊ नये म्हणून.”

“असते. रोज एक. मॉन्टगोमेरीच्या बाई लिहून देतात.”

“मंगळवारी.”

“मंगळवारी,” मी म्हटलं. मला लाज वाटली ते सांगताना.

तो हसला. “माझ्या गाडीचा सायलेन्सर फुटलाय. मी दिसायच्या आधी ऐकू येतो. तुम्ही पुढचं दार उघडा, मी पहिला येतो. शब्द देतो.”

“सप्टेंबरमध्ये बघू. मी सोडणार नाही त्यांना.”

“तुमच्यावर भरवसा आहे,” म्हणाला. “इथे दुसऱ्या कोणाला विचारलंही नसतं मी.”

त्याला का हवीये हे मी विचारलं नाही. तो सांगेल तेव्हा सांगेल. घरी येताना मात्र जरा हलकं वाटलं. एक जरी पोरगं वाचलं तरी पुष्कळ झालं.

५ ऑगस्ट, रविवार

तंबू लागला. आता हमरस्त्यावरूनसुद्धा दिसतं मंगळवारचं दार कुठे आहे.

१२ ऑगस्ट, रविवार

होमकमिंग झालं. काय आनंद झालाय! सगळं लिहून ठेवते.

शिकागो, डेट्रॉइट, अटलांटा — गाव सोडून गेलेली सगळी लेकरं आज चर्चला परत. बसायला जागा नाही, आणि बरोबर पहिल्या प्रार्थनेला एसी बंद पडला. रेव्हरंडना घाम फुटला. शेवटी नाइलाजाने कपाट उघडून पंखे वाटावे लागले! मी मनात म्हटलं, देवालाही आमची समिती आवडलेली दिसत नाही, तो स्वतःच कामाला लागला.

पण बघते तर काय, सगळ्या चर्चने पंखे एकाच बाजूने धरलेले. शवपेटी बाहेर, तपासणी आपल्या छातीकडे. चारशे माणसं स्टॉलवर्थची जाहिरात हलवत बसली होती. मरण दाखवायची लाज नाही, तपासणीची लाज!

मग झाडाखाली जेवण. लांबलचक टेबलं. ओझेलाने दोन ट्रे केले होते. का केले कोण जाणे. “होमकमिंग आहे, लोक येतील,” एवढंच म्हणाली. टेबलामागे पांढऱ्या ड्रेसमध्ये हातात चमचा घेऊन उभी राहिली. आणि माणसं यायची, हसायची — “कशी आहेस सिस्टर, छान दिसतेस!” — आणि चमच्यासमोरून ताट पुढे सरकवून घ्यायची. एक जण, दुसरा, तिसरा. डेट्रॉइटच्या एका लेकराने ताट पुढे केलं, तर त्याच्या आईने मनगटाला धरून मागे ओढलं. “तुला पीच चालत नाही ना,” म्हणाली. ते पोरगं आईकडे बघतच राहिलं.

ओझेलाचा चमचा तसाच हवेत.

मग बर्निस आली. तिने दुसऱ्या ट्रेचं फॉइल उचललं, पट्टी वाचली, आणि हळूच झाकलं.

माझा तोल गेला. मी बाकावर चढले, या वयात! आणि ओरडले —

“ऐका सगळ्यांनी! त्या मंगळवारी ओझेलाची गाडी मी नेली होती! मी, व्हर्लीन! माझा ट्रक बंद होता! माझ्या बहिणीला ते नाहीये! तिचं त्या दाराशी कधी काही काम नव्हतं आणि कधी असणारही नाही! आमच्या घरात असलं काही नाही! आता या, आणि जेवा!”

 मग कोणीतरी हसलं. रेव्हरंड म्हणाले, “आमेन.” आणि बांध फुटावा तशी माणसं आली! बर्निसने ओझेलाला मिठी मारली, रडली. “माफ कर गं, माझी जीभच कापायला हवी.” दोन्ही ट्रे घासूनपुसून रिकामे. डेट्रॉइटच्या पोराने दोनदा घेतलं. मी म्हटलं, जिंकले! वर्षानुवर्षं समित्यांत बसून जे जमलं नाही ते एका बाकावर चढून जमलं.

ओझेला वाढत राहिली. शेवटचा चमचा वाढून झाला तशी ट्रे धुवायला नळावर गेली. मी मागोमाग गेले. “बघ! उगीच महिनाभर सोसलंस!”

ती ट्रे घासत होती. घासलेलाच परत घासत होती.

“झालं ना तुझं समाधान?” म्हणाली.

थकली असेल. उन्हात तीन तास उभी होती.

१३ ऑगस्ट, सोमवार

ओझेलाने फोन उचलला नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

कॉर्लिसने आज माझी नजर चुकवली. मीच पार्किंगमध्ये गाठलं त्याला. “सप्टेंबरची बैठक आहे, मी पुन्हा मांडणार आहे—”

“राहू द्या, मिस व्हर्लीन.”

“अरे, राहू द्या काय? आता कुठे—”

“मी तिथेच होतो, होमकमिंगला. तुमच्या मागेच उभा होतो.” गाडीच्या टपावर बोटं वाजवत होता. “तिला ते नाहीये म्हटल्यावर कॉब्लर संपलं. छान झालं. पण असतं तर? तर मग ते कॉब्लर तसंच जायला हवं होतं का घरी?”

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली.

“‘आमच्या घरात असलं काही नाही’ म्हणालात. तुम्हीसुद्धा.”

आणि गेला. तो फुटका सायलेन्सर वळणापर्यंत ऐकू येत होता.

मी गाडीत बसून राहिले. काय म्हणाले होते मी? मला शब्द नीट आठवत होते, इथे आठवडाभरापूर्वी मीच तर उतरवलेत, उद्गारचिन्हांसकट. घरी येऊन परत वाचले. मला माझीच शिसारी आली. बर्निसने फॉइल झाकलं ते बोटांनी. मी तेच केलं, चारशे माणसांसमोर बाकावर चढून.

२२ ऑगस्ट, बुधवार

नर्स डेल्फिनचा फोन. नावं सांगत नाहीत, सांगणारही नाहीत. एवढंच विचारलं, “तिकडे काही झालंय का? काल खुर्च्या रिकाम्या होत्या.”

मी म्हटलं, तंबूमुळे असेल.

२६ ऑगस्ट, रविवार

ओझेला आज चर्चला आली, पण जेवणाला दुकानातला केक घेऊन. प्लॅस्टिकच्या डब्यातला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! सगळ्यांनी गलका केला, “कॉब्लर कुठे, सिस्टर?” “गुडघे दुखतात, ओव्हनपाशी उभं राहवत नाही,” म्हणाली आणि हसली.

माझ्याशी बोलली. पावसाबद्दल.

बारीक झालीये का? की मलाच तसं वाटतंय?

४ सप्टेंबर, मंगळवार

बैठक. एक दार, सगळे वार — माझा प्रस्ताव शेवटी चर्चेला आला. मी बोलायला उभी राहिले आणि कागदावरचं पहिलंच वाक्य तीनदा वाचलं. स्टॉलवर्थनी पाणी दिलं.

डॉ. विंगार्ड म्हणाले, “उपस्थिती घटलीये, त्यामुळे मंगळवारचा दवाखाना चालू ठेवायचा का, हाच आता प्रश्न आहे. जानेवारीत निर्णय घेऊ.”

जानेवारीत! आधी येणाऱ्यांना लाजवायचं, आणि ते आले नाहीत की म्हणायचं गरजच नाही. मी ओरडायला हवं होतं. बाकावर चढून ओरडता येतं मला, सगळ्यांनी बघितलंय. पण मी कागद आवरून खाली बसले. कॉर्लिसचं ‘तुम्हीसुद्धा’ तेवढं कानात.

हात चोळत घरी आले.

८ सप्टेंबर, शनिवार

कॉर्लिसच्या घरी जाऊन आले. दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. पायरीवरच बसून म्हटलं, “चुकले मी.” दाराला म्हटलं. थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज कमी झाला. दार काही उघडलं नाही.

११ सप्टेंबर, मंगळवार

सकाळीच ओझेला आली. चालत. चांगला ड्रेस, हातात पर्स. पोर्चच्या पायरीवर बसली, आत येईना. मी कॉफी नेली, ती घेतली नाही.

“गोळ्या संपल्या, व्ही.”

“शुगरच्या?”

“नाही.”

मग सांगितलं. पायरीकडे बघत, पावसाबद्दल बोलावं तसं. क्लीव्हनला होतं. तो गेला तेव्हापासून तिलाही आहे. आईला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. इतकी वर्षं मॉन्टगोमेरीला जायची, शुगर म्हणून. इथला दवाखाना उघडला तेव्हा वाटलं, आता जवळ झालं, आपल्या व्हीनेच आणलाय. ईस्टरपासून जात होती. मी गाडी नेली तो तिचा दिवस होता. तो हुकला, तरी मागच्या गोळ्यांवर कसंबसं भागवलं. ऑगस्टात जायचं होतं. त्याच्या आधी होमकमिंग आलं.

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

“लोक आत्ता कुठे माझ्या हातचं खायला लागलेत,” म्हणाली. “तूच सगळ्यांना सांगितलंस ना, ओझेलाचं त्या दाराशी काही काम नाही म्हणून. आता मी कुठल्या दाराने जाऊ, तेवढं सांग.”

मी म्हटलं, थांब, ट्रकच्या किल्ल्या आणते. आत आले आणि हे लिहीत बसलेय. ती बाहेर पायरीवर आहे, पर्स मांडीवर. आत्ताच हाक मारली, “सापडल्या का गं?”

किल्ल्या माझ्या हातातच आहेत.